लोकांस कळेल अशी वाणी
फादर थॉमस स्टीफन्स व त्यांचें ‘क्रिस्तपुराण’

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहणें हें प्रत्येक धर्मग्रामाचें कर्तव्यच होय. देऊळ केव्हां बांधलें, घंटा कोणीं अर्पण केली, वेदीची प्रतिष्ठा कोणाच्या हस्तें झाली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, ह्या सर्वांची नोंद अशा स्मरणिकेंत होते, व ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु दगडाचुन्याच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वीं ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणांत श्रद्धेची इमारत उभी राहिलेली असते, आणि ती शब्दांनीं उभी राहते. आमच्या पूर्वजांपर्यंत ख्रिस्ताची सुवार्ता कोणत्या शब्दांनीं पोहोंचली, ते शब्द त्यांस समजावे म्हणून कोणीं किती श्रम घेतले, आणि ते श्रम पुढें कसे विस्मृतींत गेले, हा इतिहास आमच्या बहुतेक घरांत कोणास ठाऊक नसतो. तो थोडक्यांत सांगावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालों आहों.

धर्मोपदेश सुबोध असावा हा विचार कांहीं आजचा नाहीं. बाबिलोनच्या बंदिवासांतून परत आलेल्या लोकांपुढें एज्रा शास्त्र्यानें नियमशास्त्र वाचलें, तेव्हां लेवी लोकांनीं त्यांतील अर्थ फोडून सांगितला व वाचलेलें लोकांस समजलें, असें नहेम्याच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायांत नमूद आहे. तें ऐकून लोक रडूं लागले, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. कारण न समजलेल्या शब्दानें कोणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाहीं. प्रभु येशूनें तर पेरणारा, खमीर, हरवलेलें नाणें, समुद्रांत टाकलेलें जाळें, अशा शेतकऱ्याच्या, गृहिणीच्या व कोळ्याच्या नित्य पाहण्यांतील गोष्टी घेऊनच स्वर्गराज्याचीं रहस्यें उलगडलीं. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत तर हिशेबच मांडला आहे. श्रोत्यांस न कळणाऱ्या भाषेंतील दहा हजार शब्दांपेक्षां त्यांस शिकविणारे पांच शब्द त्यास अधिक मोलाचे वाटतात.

संत ऑगस्टीन हा पूर्वाश्रमीं वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. शब्दांची सजावट कशी करावी हें त्याच्याइतकें त्या काळीं थोड्यांसच ठाऊक असेल. असें असूनही हिप्पोचा बिशप झाल्यावर, ४२६ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘ख्रिस्ती शिकवणीविषयीं’ ह्या ग्रंथाच्या चौथ्या भागांत त्यानें विचारिलें आहे, कीं सोन्याची किल्ली कुलूप उघडीत नसेल तर तिचा काय उपयोग, आणि लांकडाची किल्ली तें उघडीत असेल तर तिच्यांत काय उणें? सुमारें ४०० सालीं कार्थेज येथील देओग्रातियास नांवाच्या एका डीकनास नवशिक्यांस कसें शिकवावें हें कळेनासें झालें व आपलें बोलणें आपणासच नीरस वाटूं लागलें, तेव्हां ऑगस्टीननें त्याच्याकरितां एक लहानसें पुस्तकच लिहिलें. शिकविणाऱ्याचें मन प्रसन्न असावें, आणि ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्यास बसावयास आसन द्यावें, इतक्या बारीक गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत. एवढा मोठा पंडित श्रोत्याच्या पायांची काळजी करितो, ह्यांतच सुबोधपणाचें मूळ सांपडतें. ऐकणाऱ्यावरील प्रेम हें तें मूळ होय.

पवित्र सभेनेंही वेळोवेळीं हेंच फर्माविलें. ८१३ सालीं फ्रान्सांतील तूर येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें असें ठरविलें, कीं बिशपांनीं आपलीं प्रवचनें लोकांच्या ग्रामीण रोमन अथवा जर्मन बोलींत उतरवून सांगावीं, म्हणजे सर्वांस तीं सहज समजतील. ट्रेंटच्या महापरिषदेनें १५४६ च्या जून महिन्यांत केलेल्या ठरावांत धर्मगुरूंनीं निदान रविवारीं व मोठ्या सणांस लोकांस उपदेश करावा, आणि तो थोडक्यांत व सोप्या शब्दांत असावा, असें सांगितलें. येशूसंघाचे धर्मगुरु गोव्यास आले, ते ह्याच काळांत.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून हिंडावें, मुलांस व चाकरमाणसांस गोळा करावें व त्यांस प्रार्थना शिकवाव्या, हा त्याचा क्रम होता. पुढें दक्षिणेकडील मोतीं काढणाऱ्या परवर लोकांत गेल्यावर त्यास त्यांची भाषा येईना. तेव्हां तामीळ व पोर्तुगीज दोन्ही जाणणारीं माणसें मिळवून त्यानें मोठ्या कष्टानें प्रार्थना भाषांतरित करविल्या, त्या स्वतः तोंडपाठ केल्या, आणि पुन्हां घंटा हातीं घेतली. भाषा पुरी येईपर्यंत थांबावें, असें त्यास वाटलें नाहीं; मात्र लोकांच्या भाषेवांचून आपलें काम चालेल, असेंही वाटलें नाहीं.

सोपा शब्द हा खराही असला पाहिजे, हा धडाही त्याच संताच्या चरित्रांत आहे. १५४९ सालीं जपानांत गेल्यावर परमेश्वरासाठीं त्यानें दुभाष्याच्या सांगण्यावरून ‘दाइनिची’ हा शब्द योजिला. लोकांनीं तो आनंदानें ऐकला. परंतु तें बौद्ध पंथांतील एका बुद्धाचें नांव असून त्यांतून भलताच अर्थ निघतो, हें कळतांच त्यानें तो शब्द टाकून दिला व ‘देउस’ हा परका शब्द स्वीकारला. म्हणजे परिचित शब्द मिळाला कीं काम संपलें, असें नव्हे; ऐकणाऱ्याच्या मनांत तो कोणतें चित्र उभें करितो, हें पाहावें लागतें. झेवियरच्या मागून परवर लोकांत काम करणारे फादर हेन्रिक हेन्रिकिश ह्यांनीं तामीळ भाषेचा खोल अभ्यास केला, आणि त्यांचें तामीळ लिपींतील धर्मज्ञानाचें पुस्तक २० ऑक्टोबर १५७८ रोजीं कोल्लम येथें छापून निघालें.

ह्यानंतर एकाच वर्षानें, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, ज्या पुरुषाची कथा सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी घेतली, ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास पोहोंचले. त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यांत कॅथोलिकांस आपला धर्म उघडपणें पाळणें कठीण झालें होतें. स्टीफन्स स्वदेश सोडून रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले, आणि तेथून हिंदुस्थानांत आले. ह्या देशांत कायमचा वास करून राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचें नांव घेतात. १६१९ सालीं त्यांस देवाज्ञा झाली. मधलीं सुमारें ४० वर्षें त्यांनीं बहुतेक सासष्टी महालांतच घालविलीं.

तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेनें सासष्टींतील हिंदूंचीं देवालयें पाडलीं होतीं, व त्याचा रोष लोकांच्या मनांत धुमसत होता. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें येशूसंघाचे पांच जण व त्यांच्याबरोबरचे कांहीं ख्रिस्ती लोक मारले गेले. त्यांचे देह आणवून त्यांस ख्रिस्ती मूठमाती देण्याच्या दुःखद कार्यांत फादर स्टीफन्स होते. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं आपल्या भावास पॅरिसला एक लांब पत्र लिहिलें. त्या पत्रांत कुंकळ्ळीची हकीकत आहे, आणि तेथेंच ह्या देशच्या भाषांविषयींही मजकूर आहे. ह्या भाषांचे उच्चार कानास गोड लागतात व त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं कळविलें. ज्या मातीवर आपल्या सोबत्यांचें रक्त सांडलें, त्याच मातीची भाषा इतक्या आदरानें ऐकणारा हा मनुष्य होता.

आतां सासष्टींतील नव्या ख्रिस्ती लोकांची स्थिति पाहूं. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या पुराणें ऐकत आले होते. संध्याकाळीं लोक जमावे, कोणी ओव्या वाचाव्या, कोणी अर्थ सांगावा, ह्यांत त्यांचा वेळ जाई व मनास आधारही मिळे. बाप्तिस्मा घेतल्यावर तीं पुराणें बंद झालीं. बंद झालीं, म्हणण्यापेक्षां बंद करण्यांत आलीं, हें म्हणणें अधिक खरें. त्यांच्या जागीं मिळालें तें मुलांसारखें पाठ करावयाचें धर्मज्ञान. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीं फादर स्टीफन्स ह्यांनीं एक प्रसंग वर्णिला आहे. मुलांस धर्मज्ञान शिकविणें चाललें असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढें येतो व पाद्रीगुरूस विनवितो, कीं आमचीं जुनीं पुराणें आपण वर्ज्य केलीं, तर त्यांऐवजीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? ह्या प्रश्नांत तक्रार आहे, आणि भूकही आहे. आमच्या मतें साऱ्या ग्रंथाचें बीज ह्या एका प्रश्नांत आहे. लोकांचें घेतलें तें जमेस धरून त्यांस कांहीं भरघोस द्यावें लागतें, हें त्या पाद्रीनें ओळखलें. आणि तें उत्तर त्यांनीं दहा हजारांहून अधिक ओव्यांत दिलें.

हें पुराण १६१६ सालीं रायतूर (राशोल) येथें छापून निघालें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत आली आहे; दुसऱ्यांत प्रभु येशूचें जन्म, उपदेश, दुःखसहन व पुनरुत्थान ५९ अवस्वरांत आलें आहे. अवस्वर म्हणजे अध्याय. एकंदर ओव्यांची संख्या १०,९६२ आहे. पहिल्या तीन चरणांचें यमक व चौथा आंखूड चरण, ही ओवीची घडण आमच्या लोकांच्या कानांत ज्ञानेश्वर-एकनाथांपासून भरलेली होती. श्रोते मध्येंच शंका काढतात, पाद्रीगुरु त्यांचें समाधान करितात व कथा पुढें चालते, ही पुराण सांगण्याची जुनी रीतही त्यांनीं राखली. विचारणाऱ्यास विचारूं दिल्यावांचून समजुतीचा मार्ग मोकळा होत नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

परंतु ह्या ग्रंथाचें सर्वांत मोठें वैशिष्ट्य भाषेच्या निवडींत आहे, व तिचें कारण त्यांनीं आपल्या गद्य प्रस्तावनेंत स्वतःच सांगून ठेविलें आहे. त्यांचें म्हणणें असें. ह्या देशच्या भाषांत परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास मराठी भाषा योग्य दिसली, म्हणून ग्रंथ मराठींत लिहिला. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाहीं, हें पाहून जुन्या कवींचे बहुतेक अवघड शब्द वगळले, आणि चालू काळच्या कवींच्या रीतीनें ठिकठिकाणीं ब्राह्मणांच्या भाषेंतील, म्हणजे कोंकणींतील, सोपे शब्द मिसळून काव्य सुगम केलें. ह्या ग्रंथाचें फळ पुष्कळांस मिळावें, हा त्यांतील हेतु.

वाचकांनीं ह्या चार ओळींच्या मजकुराकडे किंचित् थांबून पाहावें. मराठीचें वैभव ह्या परदेशी पुरुषास कळलें नव्हतें असें नाहीं. फुलें, सुगंध, पक्षी, वृक्ष ह्यांच्या उपमा देऊन तिची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आज शाळकरी मुलांसही ठाऊक आहेत. अवघड शब्द त्यांस येत होते. येत असूनही ते त्यांनीं टाकले. ज्यास येत नाहीं त्यानें सोपें लिहिणें ही निरुपायाची गोष्ट होय. ज्यास येतें त्यानें दुसऱ्यासाठीं सोपें लिहिणें हा त्याग होय. तसेंच त्यांनीं काव्य टाकलें नाहीं, लय टाकली नाहीं, विषयाची खोली टाकली नाहीं. टाकलें तें केवळ ऐकणारा व अर्थ ह्यांच्यामध्यें आड येणारें.

शब्दांच्या योजनेंतही त्यांचा विवेक दिसतो. स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द त्यांनीं घेतला. परंतु पवित्र आत्मा, क्रूस, बाप्तिस्मा अशा, केवळ ख्रिस्ती श्रद्धेच्या गोष्टींसाठीं पाश्चात्य शब्दच बहुधा मराठी रूपांत ठेविले. जेथें जुना शब्द अर्थाचें ओझें वाहूं शकतो तेथें जुना, जेथें तो दिशाभूल करील तेथें नवा, आणि नवा शब्द आला कीं कथेच्या ओघांत त्याचा अर्थ सांगून टाकावयाचा, अशी त्यांची रीत होती. जपानांत झेवियरनें जें अनुभवानें जाणलें, तें येथें एका मोठ्या ग्रंथांत पद्धतशीर रीतीनें अमलांत आलेलें दिसतें.

ज्यांस हें उपरें वाटेल, त्यांनीं ह्याच भूमीच्या संतांकडे पाहावें. संस्कृतांतील गीतार्थ स्त्रीशूद्रांसही कळावा म्हणून ज्ञानेश्वरांनीं तो मराठींत आणिला. तीनशें वर्षांनीं, १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून दिली. एकनाथ १५९९ सालीं वारले, म्हणजे फादर स्टीफन्स ह्यांचे ते समकालीन होत. लोकांच्या भाषेंत देवाचें नांव पोहोंचविण्याची जी मोठी चळवळ महाराष्ट्रांत चालली होती, तिचाच एक ख्रिस्ती प्रवाह सासष्टींत वाहूं लागला, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

एक अडचण मात्र त्यांस ओलांडतां आली नाहीं. गोव्यांत छापखाना १५५६ सालींच आला होता. परंतु देशी लिपीचे खिळे नव्हते. १६०८ सालीं रोम येथील आपल्या संघप्रमुखास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ही खंत प्रगट केली, कीं ह्या देशच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापावीं अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. परंतु रोमन लिपीस जेथें २४ अक्षरांचे सांचे पुरतात, तेथें ह्या लिपीस जोडाक्षरें धरून सुमारें ६०० लागतात. अखेर पुराण रोमन अक्षरांतच छापलें गेलें. म्हणजे भाषा लोकांची, पण अक्षरें परकीं. देशी लिपींत वाचणाऱ्यास ग्रंथ हातीं घेऊन उपयोग नव्हता. तथापि वाचणारा एक असला तरी ऐकणारे शेंकडों असत. रविवारीं व सणांच्या दिवशीं देवळांतून हें पुराण मोठ्यानें वाचलें जाई, आणि ऐकणाऱ्यास लिपीची अडचण नसते.

पुराण लिहून ते थांबले नाहींत. मुलांसाठीं व घरगुती शिकवणीसाठीं त्यांनीं प्रश्नोत्तररूपानें धर्मज्ञानाचें पुस्तक कोंकणींत रचलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, रायतूरलाच छापलें गेलें. मागून येणाऱ्या धर्मगुरूंस भाषा शिकतां यावी म्हणून त्यांनीं कोंकणीचें व्याकरण लिहिलें. तें फादर दियोगु रिबेरु ह्यांनीं वाढवून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. मोठ्या माणसांच्या समुदायास पुराण, मुलांस प्रश्नोत्तरी, शिकविणाऱ्यास व्याकरण, असे तीन प्रकारच्या श्रोत्यांसाठीं तीन प्रकारचे ग्रंथ त्यांनीं केले. आपण कोणाशीं बोलत आहों हें आधीं ठरवावें, मग काय बोलावें हें ठरवावें, हा नियम त्यांच्या साऱ्या लेखनांत दिसून येतो. त्यांचा कित्ता पुढेंही गिरविला गेला. फ्रेंच येशूसंघीय फादर एतियेन द ला क्रुआ ह्यांनीं संत पीटरच्या चरित्रावर मोठें ओवीबद्ध पुराण रचलें, व तें १६२९ पासून रायतूरच्या छापखान्यांतून बाहेर पडूं लागलें. स्टीफन्स ह्यांचें पुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें.

ह्यापुढील कथा दुःखाची आहे. २७ जून १६८४ रोजीं गोव्याचा व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट ह्यानें फर्मान काढलें, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषेंतच व्यवहार करावा. बोली अर्थातच मेली नाहीं. फर्मानानें आईची भाषा मरत नसते. परंतु ती शिकण्याची निकड धर्मगुरूंस उरली नाहीं, आणि देशी ग्रंथ छापण्याचा उत्साह मावळला. ‘क्रिस्तपुराणा’च्या ज्या तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो सामान्य लोकांच्या हातीं. गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती नकलून जपून ठेविल्या, घरांत वाचल्या, मुलांस ऐकविल्या. त्यांच्याच आधारें जोसेफ साल्ढाना ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें पुराणाची आवृत्ति काढली. लंडन येथील मार्स्डेन संग्रहांत देवनागरी लिपींतील एक हस्तलिखितही पुढें सांपडलें. १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्यांत देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि जें स्टीफन्स ह्यांस ६०० सांच्यांअभावीं करतां आलें नाहीं, तें ३४० वर्षांनीं साधलें.

ज्या ग्रंथास सत्तेचा आश्रय उरला नाहीं, तो लोकांनीं कां सांभाळला? आमच्या समजुतीप्रमाणें ह्याचें उत्तर सरळ आहे. तो त्यांस कळत होता, म्हणून तो त्यांचा झाला होता. न कळणारें पुस्तक फार तर पेटींत पडून राहतें. त्याच्या हजारों ओव्या हातानें उतरून काढण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं.

उत्तर कोंकणांतही अशीच एक साक्ष आहे. वसई-मुंबई भागांतील ख्रिस्ती लोकांसाठीं फादर फ्रान्सिस्कु व्हाज द गिमराइंश ह्यांनीं प्रभूच्या दुःखसहनावर ओवीबद्ध पुराण रचलें, व तें १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. त्याची भाषा ग्रांथिक नसून ह्याच किनाऱ्यावरील लोकांच्या बोलीजवळची आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीज अंमल संपला. किल्ला गेला, सत्ता गेली, पुष्कळ पाद्रीही गेले. तरी येथील कुटुंबांची श्रद्धा टिकली, आणि एकोणिसाव्या शतकांत हेंच पुराण मुंबईत पुन्हां छापावें इतकी त्याची मागणी राहिली होती. ज्या घरांत उपवासकाळीं प्रभूचें दुःखसहन आपल्या बोलींत ऐकावयास मिळालें, त्या घरास श्रद्धेसाठीं परक्या सत्तेच्या आधाराची गरज भासली नाहीं.

त्यानंतरच्या काळांतही ही तळमळ संपली नाहीं, आणि ती केवळ कॅथोलिकांपुरतीही नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं ख्रिस्तभक्तीस अभंगाचें रूप दिलें. पंडिता रमाबाईंनीं साध्या स्त्रियांस कळावें म्हणून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठींत आणिलें, व तें त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा ठराव मंजूर केला, आणि शतकानुशतकें लॅटिनमध्यें चाललेला पवित्र मिस्सा लोकभाषेंत होण्याचा मार्ग मोकळा झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं बायबलाचा नवा अनुवाद केला व त्यास ‘सुबोध बायबल’ हें नांव दिलें. २०१३ सालीं त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्या नांवांतील पहिला शब्द चारशें वर्षांपूर्वीं फादर स्टीफन्स ह्यांनीं आपल्या प्रस्तावनेंत लिहिला असता, तरी तो तेथें शोभला असता.

ह्या इतिहासांतून आम्हांस तीन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात.

पहिली ही, कीं सोपेपणा म्हणजे उथळपणा नव्हे. त्रैक्य, देहधारण, तारण हीं रहस्यें सोपीं नाहींत, व तीं सोपीं असल्याचा बहाणा कोणीं करूं नये. फादर स्टीफन्स ह्यांनीं एकही रहस्य वगळलें नाहीं. त्यांनीं ऐकणाऱ्याचा हात धरून त्यास दारापर्यंत आणून सोडलें. आंत जातांना गुडघे टेकावे लागतात, तें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. परंतु दार कोठें आहे हें न कळल्यामुळें कोणी बाहेर राहूं नये, ही जबाबदारी सांगणाऱ्याची आहे.

दुसरी ही, कीं सोपेपणास कष्ट पडतात. अवघड लिहिणें पुष्कळदां आळसाचें लक्षण असतें. पुस्तकांतील शब्द जसेच्या तसे उचलून प्रवचनांत ठेविले, कीं बोलणाऱ्याचें काम संपतें व ऐकणाऱ्याचे हाल सुरू होतात. स्टीफन्स ह्यांचा ग्रंथ छापून निघाला, तेव्हां त्यांस ह्या देशांत येऊन ३७ वर्षें झालीं होतीं. इतक्या वर्षांच्या ऐकण्यानंतर त्यांच्या लेखणीस लोकांचा शब्द सांपडला. जो उपदेशक लोकांत बसत नाहीं, शेताच्या बांधावर, होड्यांच्या किनाऱ्यावर, आजाऱ्याच्या खाटेपाशीं जो दोन घटका ऐकत नाहीं, त्याच्या प्रवचनांत लोकांचे शब्द येतील कोठून?

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सोपी भाषा ही एकदां करून ठेवण्याची वस्तु नाहीं. १६१६ सालीं सामान्य लोकांसाठीं मुद्दाम सोपें केलेलें ‘क्रिस्तपुराण’ आज आमच्यापैकीं बहुतेकांस अर्थाच्या मदतीवांचून वाचतां येत नाहीं. म्हणूनच २००९ सालीं फादर नेल्सन फाल्कांव ह्यांस त्याचें आजच्या मराठींत रूपांतर करून द्यावें लागलें. ह्यांत फादर स्टीफन्स ह्यांचा दोष नाहीं. भाषा वाहत असते, आणि प्रत्येक पिढीस तेंच काम नव्यानें करावें लागतें. आमच्या आजीच्या प्रार्थनांतील पुष्कळ शब्द आज नातवंडांस परके झाले आहेत. मुलें इंग्रजी शाळांतून शिकतात, आणि देवळांतील संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या कानांवरून वाहून जाते. त्या मुलांस दोष देऊन प्रश्न सुटणार नाहीं. सासष्टींतील त्या ब्राह्मणानें विचारलेला प्रश्न आज आमचीं मुलें, कदाचित् मौनानें, आम्हांस विचारीत आहेत: जुनें आमच्या हातून गेलें, त्याऐवजीं तुम्ही आम्हांस काय देतां?

ह्याचें उत्तर एकट्या धर्मगुरूनें द्यावयाचें नाहीं. धर्मज्ञान शिकविणाऱ्या शिक्षिकेनें, संध्याकाळीं घरांत रोझरी चालविणाऱ्या आईनें, वाचनपीठावर उभ्या राहणाऱ्या तरुणानें, ह्या स्मरणिकेंत लिहिणाऱ्या आम्हीं सर्वांनीं तें द्यावयाचें आहे. वाचकानें वाचण्यापूर्वीं उतारा स्वतः समजून घ्यावा. आईनें ‘कृपेनें पूर्ण’ ह्या शब्दांचा अर्थ लेकरास एकदां तरी त्याच्या भाषेंत सांगावा. श्रोत्यानेंही, न कळलें तर तें आदरानें विचारण्यास लाजूं नये. विचारणारा एक निघाला म्हणून आम्हांस एक महाग्रंथ लाभला, हें त्यानें स्मरावें.

ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें आमच्या देवळाच्या भिंतींस नवा रंग लागेल, दिवे लागतील, घंटा निनादतील. त्याबरोबरच ह्या धर्मग्रामांत उच्चारला जाणारा प्रत्येक धर्मशब्द लहानथोरांस कळेल असा व्हावा, असा निश्चय आम्हीं केला, तर हा उत्सव खऱ्या अर्थानें सफळ झाला असें होईल. जो शब्द देह धारण करून आम्हांमध्यें राहिला, त्यानें आम्हां सर्वांच्या ओठांस सरळपणा व कानांस ग्रहणशक्ति द्यावी, हीच त्याच्या चरणीं नम्र प्रार्थना.